मातीची पाटी फेकण्यापूर्वी : पुरातत्त्व संचालनालयास एक खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व संचालनालय, गोवा सरकार,
पणजी.

विषय : उत्खननात आणि भूविकासापूर्वी मातीचे रासायनिक नमुने घेण्याबाबत, व त्याचा पहिला प्रयोग कुर्डी येथे करण्याबाबत.

महोदय,

मी पुरातत्त्वज्ञ नाही. माझी सारी नोकरी शेतकऱ्यांनी पुड्या बांधून आणलेली माती तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी फोंड्यात राहतो. तरीही आपल्या खात्याला हे पत्र लिहावेसे वाटले, ते त्या पुड्यांतूनच मला कळलेल्या एका गोष्टीमुळे. माणसे एखादी जागा सोडून गेली, घर पडले, चिरे उचलून नेले गेले, वर रान माजले, तरी त्या जागेच्या मातीत त्यांच्या राहणीचा रासायनिक ठसा शिल्लक राहतो आणि तो वाचता येतो. गोव्यात तो पद्धतशीर वाचला जावा, निदान वाचण्याआधीच ट्रकमध्ये भरून भरावासाठी नेला जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. तिची कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील.

पंचवीसेक वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातील एका भाटकाराने (बागायतीच्या मालकाने) आपल्या माडांच्या भाटातील पाच ठिकाणची माती तपासायला दिली होती. चार पुड्यांतला स्फुरद (फॉस्फरस) आपल्या जांभ्याच्या मातीत असतो तसा, म्हणजे कमीच निघाला. पाचव्या पुडीतला मात्र त्यांच्या सहापट. आपल्याच हातून काही चूक झाली असेल असे समजून मी चाचणी पुन्हा केली, तरी आकडा तोच आला. सुपर फॉस्फेट टाकले होते का, तारल्यांचे खत घातले होते का, असे विचारले तर भाटकार दोन्हींना नाही म्हणाला. पुढच्या खेपेला त्याची म्हातारी आई बरोबर आली होती. तिने आमचे बोलणे ऐकले आणि सहज म्हणाली, "थंय आमचो गोठो आशिल्लो." तिच्या सासऱ्यांच्या काळी तिथे गुरे बांधत. पुढे गोठा पडला, त्याचे चिरे विहिरीच्या कठड्याला गेले, आणि त्या जागी माड लावले त्यालाही चाळीस वर्षे होऊन गेली होती. जमिनीवर गोठ्याची एकही खूण उरली नव्हती. माझ्या परीक्षानळीतल्या निळ्या रंगात तेवढा तो उभा होता.

यात माझा शोध काहीच नाही, हे पुढे वाचनातून कळले. स्वीडनमधील कृषिरसायनज्ञ ओलोफ आऱ्हेनियस (नोबेल पारितोषिक मिळालेले स्वान्ते आऱ्हेनियस यांचे हे चिरंजीव) १९२० च्या दशकाच्या अखेरीस साखरेच्या बीटाच्या लागवडीसाठी स्कोने प्रांतातील जमिनी तपासत होते. काही शेतांत स्फुरद अकारण जास्त निघे आणि जुने नकाशे पाहिले की तिथे मध्ययुगात वस्ती होती व ती उठून गेली, असे दिसे. पीक वाढवण्यासाठी केलेल्या तपासणीतून गाडलेली गावे सापडू लागली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धत युरोपातील पुरातत्त्वात रुळली. अमेरिकेतील भूगोलज्ञ रॉबर्ट आइड्ट यांनी १९७३ मध्ये ती चक्क शेताच्या बांधावर आणली. गाळणकागदावर चिमूटभर माती ठेवायची, तिच्यावर आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेटचे दोन थेंब आणि मग ॲस्कॉर्बिक आम्लाचे दोन थेंब सोडायचे, आणि दोन-तीन मिनिटांत मातीभोवती उमटणाऱ्या निळ्या कड्याचा गडदपणा व पसारा पाहायचा. याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. अचूक आकडा यातून मिळत नाही हे खरे, पण पुढे कुठे खणावे आणि कुठे खणू नये हे ठरवायला ते कडे पुरते.

असे का होते, हे समजून घेतल्यास गोव्याच्या मातीचे या कामातले महत्त्व ध्यानात येईल. माणसाच्या आणि जनावराच्या वावरातून मातीत पुष्कळ काही मिसळते : मलमूत्र, शेण, हाडे, मासळीची आतडी, चुलीतली राख, रक्त, सांडलेले तेल. त्यातले नत्र हवेत उडते किंवा पाण्याबरोबर वाहून जाते. पालाश आणि सोडियमही आपल्याकडच्या वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पावसापुढे फार काळ टिकत नाहीत. स्फुरद मात्र चिवट असतो. आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला घट्ट धरून ठेवतात, आणि जांभ्याची माती म्हणजे तर बहुतांशी हीच दोन ऑक्साइडे. घातलेला सुपर फॉस्फेट पिकाला मिळण्याआधी मातीच गिळून टाकते, ही आपल्या शेतकऱ्याची नेहमीची तक्रार. मी ती नोकरीभर ऐकली आणि त्यावर चुना घालण्याचा सल्लाही नोकरीभर दिला. मातीच्या याच खोडीमुळे तीनशे वर्षांपूर्वीच्या गोठ्यातला स्फुरदही जागचा हललेला नसतो.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या खात्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) बहुतेक ठिकाणी सहाच्या खालीच असतो. अशा आम्ल मातीत हाडे टिकत नाहीत. ती मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची असतात आणि हळूहळू विरघळून जातात. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त मातीत इनामगावसारख्या ठिकाणी ताम्रपाषाणयुगीन दफने सांगाड्यांसह मिळाली, तशी ती गोव्याच्या सड्यांवर (जांभ्याच्या पठारांवर) मिळत नाहीत, यावरून इथे वस्तीच नव्हती असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. हाडातले कॅल्शियम पाण्याबरोबर गेले तरी त्यातला स्फुरद लोहाशी बांधला जाऊन तिथेच राहतो. ज्या मातीत डोळ्यांना दिसणारा पुरावा सर्वांत कमी उरतो, त्याच मातीत न दिसणारा पुरावा चांगला उरतो. म्हणून रासायनिक तपासणीची गरज महाराष्ट्राच्या पठारापेक्षा आपल्याला जास्त आहे.

हा ठसा किती ठळक असेल, याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो स्फुरद बाहेर पडतो. वीस माणसांचा एक वाडा शंभर वर्षे नांदला, तर तो झाला १००० किलो. एक हेक्टर जमिनीची वरची २० सेंटिमीटर माती सुमारे २६०० टन भरते. हा सगळा स्फुरद तिथेच राहिला असे धरले तर दर किलो मातीमागे सुमारे ३८५ मिलिग्रॅमची भर पडते. ज्या मातीत मुळात काही शे मिलिग्रॅमच स्फुरद असतो, तिथे ही भर लपून राहू शकत नाही. प्रत्यक्षात सगळा तिथेच राहत नाही, पिकांबरोबर काही जातो, पावसाच्या लोंढ्याबरोबर काही जातो. पण गुरे, राख आणि मासळी यांचा हिशेब मी यात धरलेलाच नाही.

आपल्या देशात या विचाराचा पाया फार पूर्वी घातला गेला आहे. कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रात राखेचे प्रचंड ढिगारे आहेत. हंपीजवळच्या निंबापूरचा ढिगारा म्हणजे वालीच्या चितेची राख, असे तिथले लोक सांगत आले. इंग्रज अधिकाऱ्यांनी आणखी नाना तर्क लढवले. रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये उटनूर येथे उत्खनन करून आणि फ्रेडरिक झॉयनर यांनी त्या राखेची प्रयोगशाळेत तपासणी करून दाखवून दिले की ती नवाश्मयुगीन गुरांच्या कोंडवाड्यांतील जळालेल्या शेणाची राख आहे. इतिहासातल्या एका मोठ्या गुराखी समाजाचा पत्ता शेणाने दिला. अलीकडे, २०१४ मध्ये, उत्तर गुजरातमधील एका खेड्यातील घराच्या जमिनीतून ठरावीक अंतरांवर नमुने घेऊन त्यातील मूलद्रव्ये व वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या अभ्यासकांचाही सहभाग होता. तो वाचताना माझ्या मनात आजोळची सारवलेली जमीन आली. ज्या घरात दर चार दिवसांनी शेणाने सारवण होते, तिथे स्फुरद सगळीकडेच वाढणार. मग चुलीची जागा कशी ओळखायची? तर राखेमुळे तिथे कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम वाढते आणि सामूही चढतो. न्हाणीची मोरी वेगळी दिसते, उंबऱ्याजवळची तुडवलेली जागा वेगळी. एक मूलद्रव्य पाहून भागत नाही, आठ-दहांचा मेळ घालावा लागतो, आणि तो मेळ प्रत्येक प्रदेशात वेगळा बसतो.

गोव्यात तो कसा बसेल, याबद्दल मला काही इशारे द्यावेसे वाटतात, कारण दुसरीकडची पद्धत जशीच्या तशी इथे आणली तर फसगत होईल. लोह आणि मंगल (मँगनीज) ही मूलद्रव्ये इतरत्र मानवी वावराची खूण म्हणून कधीकधी वापरतात. सांगे, केपे, डिचोली या खाणींच्या पट्ट्यात ती मुळातच इतकी आहेत की त्यांच्यावरून काहीही ठरवता येणार नाही. किनाऱ्यालगतच्या भाटांत माडांच्या बुंध्याशी तारली आणि मीठ घालण्याची रीत जुनी आहे, तेव्हा तिथला वाढीव स्फुरद घराचाच असेल असे नाही. तिथे माडांच्या आळ्यांमधली आणि दोन माडांच्या मधली माती वेगवेगळी घ्यावी लागेल. गेल्या साठ-सत्तर वर्षांत कुळागरांत (पोफळीच्या बागांत) आणि भातशेतीत रासायनिक खते पडली आहेत, म्हणून वरचा थर आणि खालचा थर यांची तुलना आवश्यक आहे. शिसे सापडले की धातुकामाचा कारखाना होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे, आणि एखाद्या घुमटीतल्या मारुतीला पिढ्यान् पिढ्या शेंदूर लावला जात असेल तर त्या घुमटीभोवतालच्या मातीत शिसे येणारच. हिंगूळ असेल तर पारा येईल. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या थडग्यात पाऱ्याच्या नद्या केल्याचे जुन्या इतिहासात लिहिले होते, आणि १९८० च्या दशकात त्या टेकाडाच्या मातीत पारा खरोखरच जास्त आढळला. तेव्हा पारा मातीत टिकतो यात शंका नाही, मात्र आपल्याकडे तो देवळातून आला की सोनाराच्या मुलाम्याच्या कामातून, हे जागा पाहूनच ठरेल. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेची माती तर शिशासाठी तपासूच नये, कारण २००० सालापर्यंत पेट्रोलमध्ये शिसे होते आणि ते आजही कडेच्या मातीत पडून आहे.

खाजन जमिनींचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांचा, प्रश्न वेगळाच आहे. मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) आत येणारे खारे पाणी, गंधकयुक्त चिखल आणि शतकानुशतके दुरुस्त होत आलेले बांध यांमुळे तिथली रसायने सतत बदलत असतात. तिथून सुरुवात करू नये. सुरुवात मरड, म्हणजे उंचवट्याच्या कोरड्या, जमिनीवर करावी.

आता एक कडवट अनुभव. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी उत्खनन चालू असल्याचे कळले म्हणून मुद्दाम पाहायला गेलो होतो. ठिकाणाचे आणि काम करणाऱ्यांचे नाव घेण्याची गरज नाही, कारण मी जे पाहिले ते एकाच ठिकाणचे आहे असे मला वाटत नाही. मजूर पाट्या भरून माती चाळणीवर ओतत होते, खापरे, खिळे, कौलांचे तुकडे वेचून पिशव्यांत घालत होते, त्यांवर चिठ्ठ्या लावत होते; आणि चाळून खाली पडलेली माती पलीकडच्या खड्ड्यात लोटत होते. काम नेटके होते, थरांची मापे घेतली जात होती, छायाचित्रे काढली जात होती. मी तिथल्या पर्यवेक्षकाला विचारले की प्रत्येक थरातली मूठ-मूठ माती ठेवणार ना? तो हसला आणि म्हणाला, "माती ठेवून काय करायचे, काका? मातीच तर काढायची आहे." संध्याकाळी एक टिपर येऊन ती माती रस्त्याच्या भरावासाठी घेऊन गेला. त्या पर्यवेक्षकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याला कुणी तसे सांगितलेच नव्हते. खापरे पुन्हा केव्हाही तपासता येतील, चाळलेली माती मात्र गेली ती गेलीच.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की आपल्या खात्याने प्रथम एक लहान पण पक्का प्रयोग करावा, आणि तो कुर्डीला करावा. सांगे तालुक्यातले हे गाव साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात उठले; कुटुंबे वाडे आणि वालकिणी या गावांत वसवली गेली. तिथले प्राचीन महादेव मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगड उतरवून दुसऱ्या जागी पुन्हा उभे केले, आणि जांभ्यात कोरलेली मातृदेवतेची भव्य मूर्ती वेर्णेला नेली गेली, हे आपणांस मी सांगायला नको. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे गाव. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असते, आणि मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती, पायऱ्या, विहिरींचे काठ, तुळशीचे चौथरे वर येतात. गावातून उठलेली माणसे त्या दिवसांत आपल्या सोमेश्वराला येतात, आपापल्या जोत्यावर उभी राहतात आणि नातवंडांना दाखवतात : इथे आमची चूल होती, इथे न्हाणी, इथे गोठा, इथे परसातला उकिरडा.

जगभर या विषयातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे की मातीतल्या आकड्यांचा अर्थ लावायला साक्षीदार नसतो. कुर्डीला साक्षीदार आहेत. दहा-बारा जोती निवडावीत. प्रत्येक घरातील जाणत्या व्यक्तीला, शक्यतो बाईला, कारण घरात कुठे काय होत असे ते तिलाच नेमके ठाऊक असते, त्या जोत्यावर नेऊन तिच्या सांगण्यावरून घराचा नकाशा काढावा. दुसऱ्या गटाने त्याच जोत्यावर एक-एक मीटर अंतराने मातीचे नमुने घ्यावेत, गावाबाहेरच्या, जिथे कधीच वस्ती नव्हती अशा जागेचेही वीसेक नमुने तुलनेसाठी घ्यावेत, आणि तपासणाऱ्या रसायनज्ञाला तो नकाशा अजिबात दाखवू नये. त्याने केवळ आकड्यांवरून चूल कुठे, गोठा कुठे हे सांगावे. मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावेत. जिथे जुळतील तिथे आपल्याला गोव्याच्या मातीची बाराखडी मिळाली असे समजावे, आणि जिथे जुळणार नाहीत ते तर अधिकच काळजीपूर्वक नोंदवावे.

या प्रयोगातली एक उणीव मी स्वतःच सांगून टाकतो, नाहीतर पहिला आक्षेप तोच येईल. माती महिनोन् महिने पाण्याखाली राहिली की तिच्यातला प्राणवायू संपतो, लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद काही प्रमाणात सुटतो. शिवाय धरणाचा गाळ वर बसतो. म्हणजे कुर्डीचे आकडे कोरड्या सड्यावरच्या वस्तीला तसेच्या तसे लावता येणार नाहीत. यावर उपाय असा की पाण्याखाली न गेलेली, पण अलीकडच्या काळात उठलेली एखादी वस्ती जोडीला घ्यावी. डोंगरातल्या गवळी-धनगरांच्या सोडून दिलेल्या जागा यासाठी उत्तम, कारण तिथे गुरांचा वावर मुबलक आणि रासायनिक खताचा स्पर्श नाही. त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच, त्यांच्या संमतीने, हे व्हावे. दोन्ही ठिकाणी स्फुरद केवळ एकूण किती हे न पाहता तो सैलपणे बांधलेला किती, लोह-ॲल्युमिनियमशी बांधलेला किती आणि त्यांच्या कवचात पुरता कोंडलेला किती, हे टप्प्याटप्प्याने वेगळे काढावे. जसजसा काळ जातो तसतसा तो अधिक घट्ट रूपात जातो, त्यामुळे जुन्या-नव्याचा अंदाजही येतो.

घाई करण्याचे कारण पाण्याच्या पातळीत नाही, ती दर मे महिन्यात खाली जातेच. १९८३ साली तिशीत असलेली गृहिणी आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

कुर्डीवर हात बसला की पुढची ठिकाणे आपोआप समोर येतात. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली चित्रे १९९३ मध्ये प्रकाशात आली आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांबरोबर त्यांचाही युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. चित्रे कोरणारे लोक कुठे राहत होते, हे कातळ सांगू शकत नाही, कारण कातळावर मातीच नाही. पण आसपासच्या सखल जागांतली माती तपासून वस्तीची शक्यता असलेले कोपरे शोधता येतील. चांदर आणि गोवा वेल्हा येथे कदंबांच्या राजधान्यांच्या खुणा आज घरे आणि शेते यांच्या खाली आहेत. तिथे सरसकट खणणे शक्य नाही, पण गिरमिटाने काढलेली हातभर माती कुणाच्या परसाचे नुकसान करत नाही.

जुन्या गोव्याबद्दल मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. १५१० नंतर भरभराटीला आलेले हे शहर रोगराईने ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जांभ्याची भूमी सच्छिद्र, तिच्यातून घाण झिरपून विहिरी दूषित झाल्या, असे कारण अनेकांनी दिले आहे. ते तपासता येण्यासारखे आहे. माणसाच्या आतड्यातील जिवाणू कोलेस्टेरॉलचे कोप्रोस्टॅनॉल नावाच्या पदार्थात रूपांतर करतात, आणि हा पदार्थ गाळात शेकडो वर्षे टिकतो. अमेरिकेत कहोकिया या प्राचीन नगराशेजारच्या तळ्याच्या गाळातून त्याचे प्रमाण थरागणिक मोजून त्या नगराची लोकसंख्या कधी घटली याचा आलेख काढला गेला. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या गोव्यातील बुजलेल्या विहिरी आणि तळ्या यांच्या तळाचा गाळ थरवार काढला तर असाच आलेख इथेही निघू शकेल. मांडवीचा गाळ यासाठी घेऊ नये, भरती-ओहोटीने तो ढवळलेला असतो. आणखी एक खास गोव्याची अडचण आहे, ती सांगताना थोडे हसू येते : आपल्याकडे अगदी परवापरवापर्यंत शौचालयाखाली डुक्कर असे, आणि डुकराच्या विष्ठेतही कोप्रोस्टॅनॉल असते. सुदैवाने पित्ताम्लांवरून दोघांना वेगळे करता येते. डुकराच्या विष्ठेत हायोडीऑक्सिकोलिक आम्ल ठळकपणे असते, माणसाच्या विष्ठेत ते जवळपास नसते. युरोपातल्या प्रयोगशाळांना हे तत्त्व ठाऊक आहे, पण डुक्कर आणि माणूस एकाच खड्ड्याचे वाटेकरी असलेली शौचपद्धती समजावून सांगणारा माणूस आपल्यालाच द्यावा लागेल.

हे सर्व करायला नवी इमारत किंवा नवी संस्था लागणार नाही. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून काम करते आहे आणि समुद्रतळाच्या गाळातील मूलद्रव्ये मोजणे हे तिथले नित्याचे काम आहे. गोवा विद्यापीठात रसायनशास्त्र आणि भूविज्ञान दोन्ही शिकवले जाते. शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत तर सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, जस्त, तांबे यांसह बारा घटकांची नोंद होते. त्यातला स्फुरद हा पिकाला उपलब्ध असणारा, म्हणजे एकूण साठ्याचा लहानसा भाग असतो, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाहीत. तरी ज्या शेतात तो शेजाऱ्यांच्या तुलनेत अकारण जास्त आहे, ती शेते पाहण्याजोगी आहेत एवढे त्यावरून समजेल. आऱ्हेनियस यांच्याकडे याहून अधिक काही नव्हते. कृषी खात्याशी बोलून, शेतकऱ्याचे नाव न उघडता, केवळ ठिकाण आणि आकडे आपल्या खात्याला मिळावेत.

उत्खननाच्या परवान्याच्या अटींत एक अट वाढवावी : प्रत्येक थरातील आणि प्रत्येक जमिनीच्या पातळीवरील किमान २०० ग्रॅम माती सावलीत वाळवून, ठिकाण व खोली लिहून जतन करावी, स्निग्ध पदार्थांसाठीचे नमुने हाताचा स्पर्श न करता ॲल्युमिनियमच्या पत्र्यात किंवा काचेच्या बरणीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकची पिशवी आणि आपली त्वचा दोन्ही त्यात आपापली रसायने मिसळतात. आज तपासायला पैसे नसतील तर नसोत, नमुने असले म्हणजे झाले. ज्या गोव्यात कागदांचे दप्तर १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु यांच्या हाती सोपवले गेले आणि आजतागायत सांभाळले गेले, त्या गोव्यात मातीच्या दप्तरासाठी एक कोरडी खोली मिळणे अवघड नसावे. चिऱ्यांच्या खाणीला किंवा मोठ्या बांधकामाला सड्यावर परवानगी देण्यापूर्वी ती जागा ज्ञात पुरातत्त्वीय ठिकाणाच्या परिसरात असल्यास आधी जाळीवार नमुने घेतले जावेत, हीही विनंती आहे. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात पुरातत्त्वीय स्थळ म्हणजे जिथे अवशेष आहेत किंवा असल्याचे सयुक्तिक वाटते असे क्षेत्र, अशी व्याख्या आहे. मातीतला स्फुरद हा अवशेष आहे की नाही, यावर कायदेपंडितांनी वाद घालावा. सयुक्तिक वाटण्याचा तो आधार नक्कीच आहे.

या पद्धतीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत, हेही लिहून ठेवतो. ती नेमका काळ सांगत नाही. त्यासाठी कोळशाचे कार्बन मापन किंवा दुसरी साधने लागतात. ती राजाचे नाव सांगत नाही. कोणत्या टेकडीवर आधी कोणाचे प्रार्थनास्थळ होते या वादात तिला ओढण्याचा प्रयत्न होईल अशी मला भीती वाटते, आणि म्हणूनच आताच नमूद करतो की तेल, राख, चुना आणि स्फुरद यांवरून भक्ताचा धर्म ओळखता येत नाही. माणसे होती, गुरे होती, इथे रांधले जात होते, तिथे धातू वितळवला जात होता, इतके ती सांगते. आपल्या ज्या वाड्यांबद्दल, कुळांबद्दल, कुमेरी (डोंगरावरची फिरती शेती) करणाऱ्यांबद्दल आणि गुरे राखणाऱ्यांबद्दल ना शिलालेख आहेत ना ताम्रपट, त्यांच्यापुरते तेवढे सांगणेही पुष्कळ आहे.

येत्या मे महिन्यात साळावलीचे पाणी उतरेल तेव्हा आपल्या खात्याने एक दिवस कुर्डीला यावे. मॉलिब्डेटची बाटली, गाळणकागद आणि चाळण्या माझ्याकडे आहेत. हात अजून स्थिर आहे. वाड्याला राहणाऱ्या तीन कुटुंबांशी मी बोललो आहे. त्यांपैकी एका आजींनी आपल्या जोत्यावर येण्याचे कबूल केले आहे, फक्त ऊन चढण्यापूर्वी काम आटपावे अशी त्यांची अट आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मृदा-परीक्षक,
फोंडा, गोवा.